न्यूअर्क–चिलिकॉथीचे मातीचे तट एका दिवसात होतील का?

कोलंबसकर:
अमेरिकेतल्या ओहायोतली न्यूअर्क आणि चिलिकॉथी ही होपवेल काळातली (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांनी मातीचे भव्य तट रचले तो काळ) दोन ठिकाणं एका शनिवारी जमतील का? दोन्हींना जोडणारा सरळ रस्ता होता म्हणतात. त्यातलं आज काही दिसतं का?

घाटवाट:
जमतील, पण आधी न्यूअर्क, तेही सकाळी लवकर. ऊन तिरपं असलं की तटाची सावली पडून आकार कळतो. भर दुपारी ग्रेट सर्कलचा, म्हणजे तिथल्या मोठ्या वर्तुळाचा, चौदा फुटी तटही बागेतला उंचवटा वाटतो. जुलैत तर झाडोऱ्यामुळे पलीकडची बाजूच दिसत नाही, पानगळीनंतर जा. खंदक तटाच्या आतल्या अंगाला आहे हे मुद्दाम बघा. लढाईसाठी खणला असता तर तो बाहेर असता.

तिथून अष्टकोन, म्हणजे आठ बाजूंचा मातीचा तट, गाडीने अगदी जवळ. "वर्षातून चारच दिवस उघडतं" ही जुनी माहिती सोडून द्या. तिथलं गोल्फचं मैदान हटलं आणि १ जानेवारी २०२५ पासून जागा खुली आहे. तटावर चढू नका, माती ढासळते.

मग चिलिकॉथीजवळ माउंड सिटी. प्रवासाला दीड तास धरा. तिथले २३ उंचवटे बरेचसे १९२० च्या दशकात पुन्हा रचलेले आहेत, कारण पहिल्या महायुद्धात त्यांच्यावर लष्करी छावणी उभी राहिली होती. उंचीवरून अनुमान काढू नका.

लिडारवेडा:
रस्त्याबद्दल: १८६२ मध्ये सॅलिसबरी बंधूंनी न्यूअर्कहून नैर्ऋत्येला जाणारे दोन समांतर बांध सुमारे दहा किलोमीटर माग काढत पाहिले. बांधांमधलं अंतर साधारण साठ मीटर. पुढे चिलिकॉथीपर्यंतचे ९० हून अधिक किलोमीटर हा पुरातत्त्वज्ञ ब्रॅडली लेपर यांचा १९९० च्या दशकातला तर्क. मधले दुवे तुटक आहेत, आणि आता बहुतेक सगळं नांगरटीखाली. शेतात शिरून शोधू नका, खाजगी जमिनी आहेत. राज्याचे लिडार नकाशे (विमानातून लेसरने जमिनीचा चढउतार मोजून केलेले) घरबसल्या बघा.

मला रस्त्यापेक्षा मोजमाप जास्त पटतं. वर्तुळाला जोडलेला अष्टकोन दोनच ठिकाणी आहे, न्यूअर्कला आणि चिलिकॉथीजवळच्या हाय बँकला. दोन्ही वर्तुळांचा व्यास ३२१ मीटर, आणि एकाचा अक्ष (वर्तुळ आणि अष्टकोन यांच्या मधोमध जाणारी रेषा) दुसऱ्याशी काटकोनात! न्यूअर्कचा अक्ष चंद्राच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यातल्या सर्वात उत्तरेकडच्या उदयाकडे रोखलेला आहे, हे १९८२ मध्ये हाइव्हली आणि हॉर्न या संशोधकांनी दाखवलं. दूरचे संबंध म्हणाल तर यलोस्टोनचा ज्वालाकाच (ऑब्सिडियन), सुपीरियर सरोवराकडचं तांबं, अॅपलेशियन डोंगरांतला अभ्रक हे सगळं इथल्या उत्खननांत निघालंय.

कोलंबसकर:
हाय बँकला थेट जाता येतं का?

घाटवाट:
एरवी बंद असतं. माउंड सिटीच्या कार्यालयात आधी विचारा. आणि ड्रोन नेऊ नका. ही जागा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे ड्रोन उडवायला मनाई आहे.