झाड निमूट सोसत नाही

बांडगूळ बसलं की झाड निमूट सोसतं, असं काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही. आमच्या धुऱ्यावरच्या आंब्यावर फुलटोच्या पक्षी दरवर्षी बांडगुळाच्या चिकट बिया चिकटवून जातो. त्या रुजतात बहुतेक कोवळ्या फांद्यांवर. जुन्या खोडाची जाड साल बांडगुळाच्या शोषकमुळाला, म्हणजे झाडात घुसून रस ओढणाऱ्या मुळाला, सहसा आत शिरू देत नाही.

सालीच्या आतही लढाई असतेच. तिचं सगळ्यात नीट उलगडलेलं उदाहरण झाडाचं नाही, टोमॅटोचं आहे. अमरवेल ही बांडगुळासारखीच दुसऱ्यावर जगणारी वेल. तिने विळखा घातला की टोमॅटो तिचा एक रेणू ओळखतो, विळख्याखालच्या पेशी स्वतःहून मरतात, तिथे बुचासारखा तपकिरी थर धरतो आणि शोषकमूळ तिथेच अडतं. ही ओळख पटवणारा ग्राही, म्हणजे तो रेणू हेरणारं टोमॅटोच्या पेशीवरचं प्रथिन, २०१६ मध्ये सापडला. अमरवेलीच्या काही जाती मात्र टोमॅटोलाही पुरून उरतात.

बांडगूळ हिरवं असतं, अन्न बरंचसं स्वतः बनवतं. चोरतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात आंबा फार हलाखीत येतो. तेव्हा नुसतं ओरबाडू नका, मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. बांडगुळाची फळं पिकण्याआधी, ते चिकटल्या जागेच्या हातभर खालून फांदीच छाटा.