मदत हवी आहे: मराठी हायकूत अक्षरे कशी मोजावीत?

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी आठवी-नववीच्या मुलांकडून हायकू (तीन ओळींच्या जपानी धाटणीच्या छोट्या कविता) लिहून घ्यायचे आहेत. विषय रोजचेच: चहा, पाऊस, वाळत घातलेले कपडे. अडचण ५-७-५ च्या मोजणीची आहे, म्हणजे तीन ओळींत अनुक्रमे पाच, सात, पाच अक्षरे. नमुना देते:

आले ठेचले
पत्र्यावर पाऊस
कपात वाफ

ओवी-अभंगाप्रमाणे लिखित अक्षरे मोजली (जोडाक्षर एक, स्वर एक) तर ५-७-५ बरोबर बसते. पण बोलताना 'ठेचले'तला च, 'कपात'मधला त असे अकार गळतात आणि उच्चार ४-५-३ एवढाच उरतो. जपानीत दीर्घ स्वराची दोन एकके धरतात, 'तोक्यो' शब्दाची चार होतात (तो-ओ-क्यो-ओ). तो हिशेब मराठीला लावणे मला ओढूनताणून वाटते.

लिखित अक्षरांचा नियम देऊन पाहिला. मुले जागा भरायला 'ती', 'तो', 'हळूच' घुसडतात आणि चित्र पातळ होते. उच्चाराने मोजायला सांगितले तर 'पाऊस' कुणी दोन धरतो, कुणी तीन. मोजणी सोडूनच दिली तर एक सरळ वाक्य तीन तुकड्यांत मोडून येते, दोन चित्रांमधली फट राहतच नाही. ही फट मला मोजणीपेक्षा महत्त्वाची वाटते.

यमक नको, हे ठरले आहे. ऋतूची खूण ऐच्छिक आहे. नियम एकाच ओळीत, फळ्यावर लिहिता येईल असा हवा.

ज्यांनी मुलांकडून हायकू लिहून घेतले आहेत त्यांनी सांगावे: लिखित अक्षरे मोजून एक-दोनची सूट द्यावी, की फक्त 'मधली ओळ लांब, तिसरीत नवे चित्र' एवढेच सांगावे?