कोरोनॅडोचं जुनं समुद्रकाठचं हॉटेल: आईबाबांना घेऊन एक रात्र राहावं का?

शेवंती:
नमस्कार मंडळी, आईबाबा मे महिन्यात येतायत, सहा महिने आमच्याकडे असतील. ११ जूनला त्यांच्या लग्नाला ४५ वर्षं होतायत, तेव्हा त्यांना फिनिक्सहून गाडीने सॅन डिएगोला न्यायचं आणि एक रात्र हॉटेल डेल कोरोनॅडोमध्ये ठेवायचं असं मनात आहे. बाबांनी ३१ वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं, एवढी मोठी लाकडी इमारत समुद्राच्या काठावर १८८८ पासून उभी आहे हे मी फोनवर सांगितलं तर गप्पच झाले आणि मग विचारलं, लाकूड कुठलं वापरलंय? तेव्हापासून हेच डोक्यात आहे. पण भाडं बघून छातीत धस्स होतं. कुणी राहिलंय का, एका रात्रीचे एवढे पैसे घालावेत का? आणि आईचे गुडघे दुखतात, जिने फार आहेत का?

खारा_वारा:
शेवंती, हॉटेलचं नंतर, आधी जूनचं बघ. इथे मे-जूनमध्ये समुद्रावरून ढगांचा जाड थर येतो, सकाळी तर असतोच, पण कधीकधी दिवसभर हटत नाही, लोक त्याला जून ग्लूमच म्हणतात. फिनिक्सच्या उन्हातून येऊन आई शाल गुंडाळून बसणार आणि सूर्यास्त काही दिसायचा नाही. आईबाबा सहा महिने आहेत ना, मग सप्टेंबरमध्ये लेबर डे (पहिल्या सोमवारची सुट्टी) होऊन गेला की आठवड्याच्या मधल्या दिवशी या. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते, भाडंही सहसा उतरतं आणि पाणी तेव्हा जूनपेक्षा उबदार असतं.

दुसरं म्हणजे बुकिंग करताना खोली व्हिक्टोरियन, म्हणजे १८८८च्या जुन्या इमारतीतलीच आहे ना ते नीट वाचून घे. त्याच आवारात नंतर बांधलेल्या इमारती आहेत, कबानाज, व्ह्यूज वगैरे, चांगल्याच आहेत, पण तुझ्या बाबांना जे बघायचंय ते तिथे नाही. जुन्या इमारतीत सगळ्या खोल्या एका मापाच्या नाहीत, काही लहान आहेत, काहींच्या खिडकीतून समुद्र दिसतच नाही, त्यामुळे फोन करून विचारलेलं बरं. लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको, फक्त लिफ्टजवळची खोली मागून घे कारण कॉरिडॉर लांबलचक आहेत. आणि रिसॉर्ट फी, पार्किंग, टॅक्स हे सगळं वेगळं लागतं, शेवटचा आकडा बघूनच ठरव.

रंधा:
बाबांचा प्रश्न वाचून राहवलं नाही, मी पण लाकडातलाच माणूस. बरंचसं लाकूड उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरेकाकडून आलं. मार्च १८८७ ला काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १८८८ ला हॉटेल उघडलं, म्हणजे अकरा महिने फक्त!! आर्किटेक्ट रीड बंधू, जेम्स आणि मेरिट.

पण बाबांना न्यायचं ते क्राउन रूममध्ये. जुना जेवणाचा हॉल आहे तो, ३३ फूट उंच छत, सगळं शुगर पाइनचं आणि मधे एकही खांब नाही. छताला खिळा मारलेला नाही, लाकडी खुंट्या आणि सरस यांवर सगळं धरलंय. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मान दुखेपर्यंत वर बघत उभा होतो, लाकडाला मधासारखा रंग चढलाय आणि फळ्या छताच्या बाकाबरोबर अशा वळत जातात की जणू उलटी करून ठेवलेली होडी आपण आतून बघतोय. तिथे समारंभ असला की दार बंद असतं, म्हणून आधी फ्रंट डेस्कला विचारून वेळ ठरवा. लॉबीतली जुनी पिंजऱ्याची लिफ्टही दाखव, पितळी जाळी आहे, आतला माणूस हाताने चालवतो.

निवांत_९:
न राहताही बरंच बघता येतं हं. लॉबीत, व्हरांड्यावर कुणीही जाऊ शकतं आणि किनारा तर सगळ्यांचाच आहे. आम्ही सॅन डिएगोहून फेरीबोटीने गेलो, तिथून ९०१ नंबरची बस घेतली आणि दिवसभर फिरून परत. १९५८ साली मेरिलिन मन्रोच्या सिनेमाचं शूटिंग झालं तो हाच किनारा.

खारा_वारा:
@निवांत_९ बरोबर आहे, पण माझ्या मते पैसे दिवसाचे नाहीतच, रात्रीचे आणि पहाटेचे आहेत. दिवसा लोकांची एवढी वर्दळ असते की लाकूड बघायला उभं राहता येत नाही. रात्री दहानंतर बाहेरची माणसं गेली की जिन्यावर आपल्याच पावलांचा आवाज येतो, तेव्हा ती इमारत कळते.

सीमा_दक्षिण:
एक महत्त्वाचं कुणी लिहिलं नाही. मेक्सिकोतून येणाऱ्या टिहुआना नदीतून सांडपाणी समुद्रात येतं आणि दक्षिणेकडून प्रवाह असला की कोरोनॅडोचा किनाराही पोहायला बंद करतात. निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळीसुद्धा सॅन डिएगो काउंटीच्या साइटवर किनाऱ्याची स्थिती बघा, आणि पाटी लावलेली असेल तर आईबाबांना पाण्यात पाय बुडवायलासुद्धा देऊ नका, प्लीज. कोरड्या वाळूत चालायला काही हरकत नाही. त्या वाळूत अभ्रक आहे, उन्हं कलली की पायाला चिकटलेले कण सोन्यासारखे चमकतात, माझी आई घरी परत येईपर्यंत पाय धुवायला तयार नव्हती. शेजारीच नेव्हीचा तळ आहे त्यामुळे मधूनच विमानांचा आवाज येतो, बाबांना आधी सांगून ठेवा.

शेवंती:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. काल बाबांना जूनच्या ढगांचं सांगितलं तर म्हणाले, तारखेचं काय घेऊन बसलीस, ४५ वर्षं सप्टेंबरमध्येही ४५च राहणार. तर सप्टेंबरचा दुसरा मंगळवार, व्हिक्टोरियन इमारत, लिफ्टजवळची खोली, एकच रात्र. दोघंही पाण्यात उतरणार नाहीत, वाळूतच चालतील. क्राउन रूमचं विचारायला हॉटेलला फोन केला, त्या आठवड्यात परत विचारा म्हणाले, तशी खूण करून ठेवलीय.

@रंधा, ती छताची ओळ बाबांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली आणि विचारलं, खुंट्या कुठल्या लाकडाच्या?

रंधा:
ते मलाही खालून ओळखता आलं नाही. बाबांना सकाळच्या उजेडात ने.