शब्दचर्चा: जड आयन, निसटती टक्कर, बघे

नांदेडहून: बी.एस्सी.च्या पोरांना शिकवतो. जड अणूचे इलेक्ट्रॉन काढले की उरतो तो ‘हेवी आयन’; त्याला एका टिपणात ‘भारी आयन’ दिसलं. आमच्याकडं भारी म्हणलं की पोरं हसायलीत, ‘लई भारी आयन’ म्हणायलीत. काय लिहावं?

परभणीहून: हिंदीत ‘भारी पानी’, आपल्याकडं ‘जड पाणी’. मग सर, जड आयनच. फक्त जड म्हणजे सोनं नि शिसंच, असं वाटू देऊ नका. त्वरकवाल्यांच्या, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या, बोलण्यात हेलियमच्या पुढचं बहुतेक सगळं जड. कर्करोगावर वापरतात तो कार्बनसुद्धा.

नांदेडहून: पण मॅडम, प्रयोगात एकमेकांवर आदळतात ती तर उघडी अणुकेंद्रं. आयन कशाला?

परभणीहून: अख्ख्या अणूवर विद्युतभार नसतो, मग त्याला वेग देणार कसा? म्हणून जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत शिशाचे 82 इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्यानं काढतात. शेवटी 82 प्रोटॉन नि 126 न्यूट्रॉन उरतात, तेव्हा केंद्रक म्हणा खुशाल. अर्ध्या वाटेवर मात्र ते म्हणता येत नाही. ‘आयन’ पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतं.

बीडहून: ‘कोलिजन’ला टक्कर का धडक? पेपरात कायम ‘समोरासमोर धडक’ असते. टक्कर निवडणुकीत नाहीतर एडक्यांत.

परभणीहून: टक्कर रुळलाय, राहू द्या. ‘समोरासमोर’ मात्र नको. आयनांचे झोत समोरासमोरच येतात, तरी दर वेळी केंद्रकं मधोमध आदळत नाहीत. दोघांच्या मध्यांतलं आडवं अंतर शून्याजवळ असेल तर मध्यवर्ती टक्कर. जास्त असेल तर पुस्तकात ‘परिघीय’, मी वर्गात ‘निसटती’ म्हणते. क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून झालेला त्यांच्या आतल्या कणांचा अतितप्त रस, बघायचा तर मध्यवर्ती सगळ्यात बरी. सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगानं 2012 मध्ये त्याचं तापमान सुमारे 5.5 लाख कोटी अंश सांगितलं, सूर्याच्या गाभ्याच्या लाखाहून जास्त पट.

नांदेडहून: टकरीबाहेर राहिलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनला, म्हणजे ‘स्पेक्टेटर’ न्यूक्लिऑनला, मी ‘बघे’ लिहिलंय.

परभणीहून: बघे थांबतात हो! हे कुठं थांबतात? टकरीत न सापडता झोताच्या दिशेनं सरळ पुढं जातात. ॲलिसमध्ये शंभर मीटरहून लांब, झोताच्या नळीशेजारी त्यांच्यासाठी कॅलरीमीटर (ऊर्जा मोजणारी यंत्रं) ठेवलेत. टक्कर किती मधोमध झाली, याचा अंदाज त्यांच्या ऊर्जेवरूनही लावतात. त्यापेक्षा ‘स्पेक्टेटर’ना ‘सुटलेले’ नि टकरीत आलेल्या ‘पार्टिसिपंट’ना ‘सापडलेले’ अशी जोडी करा.

बीडहून: सापडलेले झकास. अपघातातही तसंच म्हणतो आपण.

नांदेडहून: वर्गात हेच वापरतो. परीक्षेत ‘सापडलेले’ऐवजी ‘सहभागी’ लिहा म्हणून सांगावं लागंल, तेवढं चालायचंच.