मेटल डिटेक्टरला छोटी कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) घेऊ का?

प्रश्न: मशीनसोबत ११ इंची डीडी (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) कॉइल आलीये, मोकळ्या शेतात झकास चालते, पण पडक्या घराच्या जागी गेलं की खिळे, पत्र्याचे तुकडे, बाटलीची झाकणं सगळी एकदम ओरडायला लागतात आणि मधे नाणं असलं तरी कळतच नाही. ६ इंची घेऊ का? खोली, म्हणजे किती खोलवरचं सापडतं ते, फार कमी होईल का?

उत्तर: घ्याच! छोट्या कॉइलखाली एका वेळी कमी वस्तू येतात त्यामुळे खिळ्याच्या शेजारचं नाणं वेगळं वाजतं, बारीक वस्तूही चांगल्या पकडते, शिवाय खनिजं जास्त असलेल्या जमिनीत मशीन शांत राहतं. खोली कमी होते हे खरंय, पण इतक्या कचऱ्यात मोठ्या कॉइलची खोली तशीही वायाच जाते.

उत्तर: +१. फक्त हळू फिरवा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा, नाहीतर मधल्या पट्ट्या सुटतात.

उत्तर: कॉइल तुमच्याच मॉडेलची आहे ना ते आधी बघा, नुसता कनेक्टर बसला म्हणजे चालेल असं नसतं. आणि ११ इंची विकू नका हां, शेतात तीच लागणार.