बोटॅनिकल गार्डनमध्ये लग्न – बडोद्यात कुणी केलंय का?

पानफुटी

नमस्कार मंडळी. माझं लग्न ठरलंय, मुलगा सुरतचा गुजराती, दोन्ही घरचा होकार, साखरपुडाही उरकला, आता गाडी अडलीये जागेवर. मी एम.एस. युनिव्हर्सिटीत बॉटनी केलं, तो ड्रिपच्या (ठिबक सिंचनाच्या) लाइनमध्ये, म्हणजे दिवसभर नर्सऱ्या आणि शेतं, त्यामुळे दोघांच्याही डोक्यात पहिल्यापासून एकच की लग्न झाडांखाली करायचं, एसी हॉलमध्ये थर्माकोलच्या कमानीखाली नाही. आई म्हणते पार्टी प्लॉट (लग्नांना भाड्याने देतात ते लॉन) बुक कर आणि मोकळी हो, तिथेही झाडं असतातच की. असतात गं, पण आसोपालवाची (उंच अशोकाची) रांग आणि खालून हिरवे फोकस, ते मला नकोय.

तर कमाटी बागेत किंवा युनिव्हर्सिटीच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये परवानगी मिळू शकते का? पाहुणे दोनशेच्या आसपास, विधी आपले, त्यात त्यांचा हस्तमेळाप (वधूवरांचे हात जुळवायचा विधी) बसवायचाय, होम आहेच. डिसेंबर ते फेब्रुवारी कधीही. कुणी असं लग्न केलं असेल किंवा बाग सांभाळणारं कुणी इथे असेल तर प्लीज नीट सांगा, नुसतं "छान कल्पना" लिहून जाऊ नका :)

दांडियाबाजारकर

अभिनंदन बेटा. स्पष्ट लिहितो, रागावू नकोस. कमाटी बाग (पाटीवर सयाजी बाग असली तरी आम्ही कमाटीच म्हणणार) ही महापालिकेची सार्वजनिक बाग, सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये गावाला दिली तीच मुळी सगळ्यांनी फिरावं म्हणून, आणि तेव्हा महाराज स्वतः जेमतेम पंधरा-सोळाचे, राज्याचे पूर्ण अधिकार हातात यायला अजून १८८१ उजाडायचं होतं. शंभर एकरांच्या वर जागा आहे हे खरं, पण आत म्युझियम, तारामंडळ, प्राणिसंग्रहालय, पोरांची गाडी, रविवारी काय जत्रा असते ते तुला मी काय सांगणार. तिथे अंतरपाट धरलात तर चार कुटुंबं शेंगा खात मंगलाष्टकं ऐकायला उभी राहतील. मला स्वतःला ते आवडेल, तुझ्या सासरच्यांना विचारून घे. आणि प्राणी आतच असल्यामुळे ढोलाचा विषय काढूच नकोस.

अर्ज करून बघायचाच असेल तर पालिकेच्या पार्क्स अँड गार्डन्स खात्यात कर आणि जे काय उत्तर येईल ते कागदावर घे. ओळखीचा कुणी "थई जशे बेन" (होऊन जाईल ताई) म्हणाला म्हणून पत्रिका छापायला टाकू नकोस. युनिव्हर्सिटीचं गार्डन शिकण्या-शिकवण्यासाठी आहे, तू तिथलीच, तुला जास्त माहीत. शिक्षणसंस्थेभोवतीचा १०० मीटरचा भाग सायलेन्स झोन धरतात, म्हणजे लाउडस्पीकर गेला. भटजींना मोठ्या आवाजाचे बघा मग.

बाकी बडोद्याला बागांचं वेड जुनंच. लंडनच्या क्यू बोटॅनिकल गार्डन्समधून आलेला क्रुंबीगल नावाचा जर्मन माणूस १८९३ पासून इथल्या बागा बघायचा, पुढे म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगलोरच्या लालबागेमुळे त्याचं नाव झालं. लक्ष्मी विलास राजवाड्याची बाग आखणारा गोल्डरिंगही क्यूचाच. विषयांतर झालं, असो.

मातीतला_माणूस

मी बागकामाची कॉन्ट्रॅक्टं घेतो, लग्नाच्या आधी लॉन तयार करून देणं आणि लग्नानंतर त्याची दशा निस्तरणं दोन्ही माझ्याकडेच येतं, म्हणून लिहितोय. जागा कुठलीही घ्या, पालिकेची, कॉलेजची, कुणाची खासगी, पहिल्यांदा मान वर करून झाडं बघा. आग्यामोहोळ आहे का. उंच पिंपळ, वड, काटेसावर, पाण्याच्या टाकीचा खालचा भाग, इथे पोळं लागलेलं असतं आणि खालून जाणाऱ्याला दिसत पण नाही, वर्षभर काही त्रासही नसतो. पण त्याच्या बरोब्बर खाली तुम्ही होम पेटवणार, लाकडं थोडी ओली असणार, तूप ओतणार, धूर सरळ वर जाणार. मग जे होतं त्यात नवरदेव, भटजी, व्हिडिओवाला सगळे एकाच दिशेला पळतात. रात्री पण मोठा फोकस पोळ्याकडे केला तर माश्या लाइटवर येतात. पोळं जाळायला माणूस बोलवू नका, होमाची जागा बदला, वारा बघून लांब घ्या, एवढ्याने काम होतं.

दुसरं सप्तपर्णी. बॉटनीवालीला सांगायला नको पण सासरच्यांना सांगा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते, तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त नेमके त्याच दिवसांत, आणि संध्याकाळी सातनंतर वास असा सुटतो की अर्ध्या लोकांना वा म्हणावंसं वाटतं आणि अर्ध्यांचं डोकं धरतं. मागे एका पार्टी प्लॉटवर स्टेजच्या मागेच चार मोठ्या सप्तपर्णी होत्या, नवरीची आजी रिसेप्शनभर नाकाला पदर लावून गाडीत बसली होती. त्यापेक्षा बूच असेल तर त्याच्या खाली बसा, थंडी सुरू होताना फुलतो, पांढरी लांब देठाची फुलं रात्रभर गळत राहतात, डेकोरेशनचे पैसे वाचले.

लॉनबद्दल. आदल्या दिवशी पाणी बंद करायला सांगा, माळी सवयीने पहाटे पाइप सोडतो आणि मग खुर्च्यांचे पाय रुततात, बायकांच्या हिल्स रुततात, वऱ्हाड बदकासारखं चालतं. गालिचा आदल्या रात्रीपासून अंथरून ठेवू नका, हिरवळ पिवळी पडते आणि डिपॉझिटमधून कापतात. होमकुंड थेट गवतावर नाही, खाली विटा त्यावर वाळू त्यावर कुंड. झाडाला खिळा मारायचा नाही, तार आवळायची नाही, लाइट लावायचेच तर सुताच्या दोरीने सैल आणि दुसऱ्या दिवशी काढायचे, मंडपवाले तसेच ठेवून जातात आणि वर्षभराने तार सालीत रुतलेली सापडते. हे सगळं मंडपवाल्याला तोंडी नाही, ऑर्डरच्या कागदावर लिहून द्या.

आणि अजून एक, संध्याकाळचं लग्न असेल तर दुपारी नाही, सहा-साडेसहाला जाऊन जागा बघा. बगळे आणि वटवाघळं मुक्कामाला कुठल्या झाडावर येतात ते तेव्हाच कळतं. शालूवर पडलं की डाग जात नाही.

एडिसनकर

मूळची रावपुऱ्याची, आता न्यू जर्सीत. इथे बोटॅनिकल गार्डनमध्ये लग्न ही अगदी रुळलेली गोष्ट आहे, ब्रुकलिनच्या गार्डनमध्ये पाम हाऊस लग्नांना देतात, लंडनच्या क्यूमध्ये सुद्धा देतात, आणि त्या भाड्यातून बागेला पैसा मिळतो. पण नियमांचं बाड येतं हातात. उघडी आग म्हटलं की आधी फायरवाल्यांची परवानगी, होमाला कितीतरी ठिकाणी सरळ नाही म्हणतात किंवा बाहेर छोटासा करा म्हणतात, आणि तांदूळ, पाकळ्या, काहीही उधळायचं नाही. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात अक्षता हातात दिल्या पण टाकायच्या वधूवरांसमोर धरलेल्या परातीत, मंगलाष्टकं चालू असताना सगळे जागेवर उभे आणि शेवटी रांगेने येऊन टाकून गेले. आधी विचित्र वाटलं, मग वाटलं बरंय की, एरवी मागच्या रांगेतून आलेल्या अक्षता पुढच्यांच्या डोक्यावरच पडतात.

मंदाआत्या

परातीत अक्षता? अगं मग ती पूजा झाली, लग्न नाही. तांदूळ मूठभर कमी वाटा, खाली चादर अंथरा, नंतर झटकून गोळा करा, झालं. बागेत मुंग्या आणि खारी आहेत, एक दाणा उरणार नाही.

पानफुटी, मुहूर्ताचं बघ आधी. मुलाकडचे गुजराती म्हणजे कमुरतात (त्यांचा अशुभ महिना) लग्न करणार नाहीत, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत विसर. मग उत्तरायण म्हणजे संक्रांतीचे पतंग, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, त्या दिवसांत बडोद्यात मांडववाला तरी सापडेल का, सगळे गच्चीवर. म्हणजे जानेवारीचा शेवट नाही तर फेब्रुवारी. फेब्रुवारी चांगला, सकाळी गारवा, रात्री स्वेटर लागत नाही.

आणि पाहुण्यांचं काय गं. दोनशे माणसं, त्यात साठीच्या पुढची निम्मी, गुडघे दुखणारी. गेटपासून मांडवापर्यंत किती चालायचं, संडास कुठे, तिथे कमोड आहे का, मुलीकडच्यांना साडी बदलायला बंद खोली आहे का. आमच्या नात्यात एकाने हौसेने आंबराईत लग्न केलं, फोटो काय सुंदर आले, आणि विहीणबाई दिवसभर पाणी न पिता बसल्या कारण जायचं कुठे. मी तर म्हणेन विधी सकाळी बागेत साठ-सत्तर माणसांत कर, जेवण तिथेच पंगत बसवून, आणि रिसेप्शन संध्याकाळी पार्टी प्लॉटवर, आईचं पण ऐकल्यासारखं होईल.

कोठीचा_पोट्टा

सगळं ठीक आहे पण नाचायचं कधी?? सुरतची जान (वऱ्हाड) येणार आणि डीजे नाही, वरघोडा (वरात) नाही, मुलाचे मित्र काय झाडांना पाणी घालणार का

दांडियाबाजारकर

@कोठीचा_पोट्टा नाच ना, गेटच्या बाहेर नाच, रात्री दहाच्या आत नाच. दहा ते सहा लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून देशभर आहे, बाग असो की पार्टी प्लॉट. आणि डीजेवाला किंवा जागेवाला "गाण्यांच्या लायसन्सचे वेगळे" म्हणाला तर देऊ नका, लग्नात वाजवलेल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, कलम ५२ मध्ये, केंद्राने जुलै २०२३ मध्ये तशी नोटीसही काढली होती. तिची प्रिंट खिशात ठेवा, पुष्कळ उपयोग होतो. थर्माकोलची सजावटही जुलै २०२२ पासून बंदच आहे, प्लास्टिकचे चमचे, ग्लास, प्लेटा पण त्यातच, तेव्हा पानफुटीची निम्मी इच्छा सरकारने आधीच पुरी केली आहे. पाळतं कोण हा प्रश्न वेगळा.

पानफुटी

सगळ्यांना खूप थँक्यू, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आग्यामोहोळचं वाचून नवऱ्याने (होणाऱ्या) लगेच फोन केला, त्याच्या डोक्यात होम वडाखालीच होता.

कमाटी बागेचा विचार सोडला. दांडियाबाजारकर काका, तुम्ही म्हणता तसं चार कुटुंबं शेंगा खात उभी राहिली असती तर मला पण चाललं असतं पण आईला विचारलं आणि आईने फक्त बघितलं. डिपार्टमेंटच्या गार्डनमध्ये पण नको, पाहुण्यांच्या पायाखाली कुणाचे तरी प्रॅक्टिकलचे वाफे जातील आणि मी स्वतः तिथे लेबलं लावलेली आहेत, जीव वर-खाली होईल. आता सिंधरोटकडे त्याच्या ओळखीची एक जुनी नर्सरी आहे, मालक झाडं जमवणारा माणूस, बहावा, कैलासपती, मोह, दोन काटेसावरी, एक प्रचंड रायणीचं झाड आणि त्याच्या खाली शेणाने सारवलेलं अंगण. माणसं दीडशे बसतील. विधी सकाळी तिथे, आणि हो आत्या, रिसेप्शन पार्टी प्लॉटवर, तुम्ही आणि आई एकमेकींना ओळखता का??

प्रश्न दोन उरलेत. फेब्रुवारीत नक्की कुठला आठवडा धरला तर काटेसावर फुललेली मिळेल? आणि ड्रोन उडवता येईल का?

मातीतला_माणूस

रायणीखाली लग्न, मस्तच. सावली दाट, पान बारीक, कचरा कमी. काटेसावरीचं तारखेवर सांगता येत नाही, थंडी किती टिकली त्यावर आहे, पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पानं झडून लाल झालेली असण्याचा चान्स चांगला, पळस पण तेव्हाच पेटायला लागतो. फक्त काटेसावरीच्या खाली जेवायला बसवू नका, ते फूल जाड आणि जड असतं, थेट वाटीत पडतं आणि आमटी अंगावर. मैना, साळुंक्या, बुलबुल दिवसभर वर भांडत असतात ते वेगळं.

उत्तरायणनंतरचा मांजा आठवणीने काढून घ्या. फांद्यांतून लोंबत असतो, उन्हात दिसत नाही, माणसाच्या गळ्याला आणि पक्ष्यांच्या पंखाला दोन्हीला घातक. बांबूला आकडा लावून माळ्याकडून एक दिवस फिरवा. ड्रोनचं, हरणीचं विमानतळ धरून पिवळा-लाल झोन (परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेला भाग) कुठपर्यंत येतो ते डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर दिसतं, ड्रोनवाल्याकडूनच स्क्रीनशॉट मागा. पण मोहोळ असेल तर ड्रोन नकोच.

मंदाआत्या

आई कोण तुझी, दांडिया बाजारातली का? फोन नंबर इथे नको टाकू, मेसेज कर.

आणि सारवलेलं अंगण म्हणतेस तर पंगत खालीच बसव, चौरंग-पाट नर्सरीत कुठून येणार, सतरंज्या घाल आणि म्हाताऱ्यांना कडेला टेबलं. पानं पळसाची घे, इथे खाखऱ्याच्या (पळसालाच गुजरातीत खाखरो म्हणतात) पत्रावळी सहज मिळतात, पण आदल्या दिवशीच आणून ओल्या फडक्यात ठेव नाहीतर कडा चिरतात आणि वरण वाहतं. फुलं खंडेराव मार्केटातून पहाटेच आण, दहानंतर शेवंती मलूल. स्वयंपाकी महाराज गुजराती असेल तर त्याला आधीच सांगून ठेव की आमटीत गूळ आमच्या हाताने घालू, आणि संध्याकाळी एक काउंटर सेवउसळीचं ठेव, सुरतवाल्यांना कळू दे.