ऑर्व्हिएतोचा रविवार: बस की रेल्वे? (शुक्रवारच्या आत उत्तर हवं)

प्रेषक: माधवी (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

रोमच्या मुक्कामातला रविवार ऑर्व्हिएतोला द्यायचा हे मागच्या सभेत ठरलंय, ते आता पुन्हा उकरायला नको. अडलंय ते एवढ्यावरच की रोमहून बस करायची की रेल्वेने जायचं. बसवाल्याने दिलेला भाव शुक्रवारपर्यंतच आहे. या खेपेला भारतातून आलेले आई-बाबा बरेच आहेत, त्यातल्या दोघींना गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून माझा कल बसकडे. दारात चढायचं, दारात उतरायचं. कुणाची हरकत असेल तर लगेच कळवा, आयत्या वेळी नको.

माधवी

---

प्रेषक: नितीन
उत्तर: ऑर्व्हिएतोचा रविवार

माधवीताई, हरकत आहे. ऑर्व्हिएतोत बस दारात जात नाही. अख्खं गाव ज्वालामुखीच्या खडकाच्या सपाट माथ्यावर आहे आणि कडे सगळीकडून ताशीव तुटलेले. वरच्या जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांवर निर्बंध आहेत. सहलीच्या मोठ्या बसगाड्या खालीच, स्टेशनच्या अंगाला थांबतात आणि मग सगळी माणसं फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, वर जातात. म्हणजे बसचे पैसे मोजूनही शेवटचा टप्पा तोच राहतो, वर रोमच्या वाहतुकीत वेळ जाणार तो वेगळाच.

रोमच्या मुख्य स्टेशनाहून, रोमा तेर्मिनीहून, साधी गाडी सव्वा ते दीड तासात पोचवते. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच फ्युनिक्युलर. ही १८८८ सालची, तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो खाली येताना खालच्याला वर ओढायचा. १९७० साली बंद पडली आणि १९९० साली विजेवर पुन्हा सुरू झाली. वर पियात्सा काहेनला उतरायचं, तिथून छोटी बस थेट दुओमोपर्यंत, म्हणजे गावच्या मुख्य चर्चपर्यंत, नेते. गुडघेवाल्यांना चालावं लागतं ते अगदी थोडं.

कागदी तिकीट काढलं तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारायचा, हे प्रत्येकाला सांगून ठेवा. नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

नितीन

---

प्रेषक: शैला

नितीनचं बरोबर आहे, फक्त एक भर घालते. जे स्वतःच्या गाडीने येणार आहेत त्यांनी स्टेशनकडे जाऊ नये. गावाच्या दुसऱ्या टोकाला काम्पो देल्ला फिएरा म्हणून वाहनतळ आहे, तिथून सरकते जिने आणि लिफ्ट थेट कड्याच्या पोटातून वर नेतात. सासूबाईंना मी तिथूनच नेलं होतं, त्यांना एकही चढ चढावा लागला नाही.

सिएनाच्या सहलीच्या वेळी ज्येष्ठांचं सगळं मी पाहिलं होतं, तेव्हा यंदाही ती यादी माझ्याकडेच असू द्या, दोन ठिकाणी याद्या नकोत. आणि ती पोत्सो दी सान पात्रित्सिओची विहीर कार्यक्रमातून काढा. २४८ पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. मध्येच दमलं तर परतायला सोपी वाट नाही, कारण उतरण्याचा जिना वेगळा आणि चढण्याचा वेगळा.

शैला

---

प्रेषक: अविनाश

शैला, विहीर ज्येष्ठांसाठी वैकल्पिक ठेव, पण कार्यक्रमातून काढू नकोस. मीही ज्येष्ठच आहे आणि मी उतरणार.

१५२७ साली रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून ऑर्व्हिएतोत आला. कडे असे की शत्रू वर येणं कठीण, पण वेढा पडला तर माथ्यावर पाणी कुठून आणायचं? म्हणून त्याने वास्तुविशारद धाकट्या आंतोनिओ दा सांगाल्लोला विहीर खणायला लावली. ती १५३७ मध्ये पुरी झाली, तोवर क्लेमेंट वारलाही होता. खोली ५० मीटरहून जास्त. भिंतीच्या आत एकमेकांभोवती गुंडाळलेले दोन गोल जिने आहेत आणि ते कुठेही एकमेकांना छेदत नाहीत. खेचर एका जिन्याने रिकामं उतरायचं, तळाशी छोट्या पुलावरून पलीकडे जायचं आणि पाणी घेऊन दुसऱ्या जिन्याने वर यायचं. समोरासमोर गाठ पडून खोळंबा होण्याचा प्रश्नच नाही. पायऱ्याही खेचरांसाठी केलेल्या, रुंद आणि बुटक्या, त्यामुळे उतरताना गुडघ्याला झटका बसत नाही. आतल्या बाजूला सत्तरएक खिडक्या आहेत, त्यांतून वरचा उजेड झिरपत खाली येतो. खाली जावं तसा तो हिरवट होत जातो आणि हवा गार लागते.

मी साताऱ्याचा. लिंब गावची बारामोटेची विहीर लहानपणापासून पाहिलेली. तिथे पाणी मोटेने बैल ओढायचे, इथे खेचरं जिना उतरायची. पण दोन्हीकडे बांधणाऱ्याने जनावराच्या चालीचा विचार आधी केलाय आणि मग दगडाला हात घातलाय. माझ्या वयाच्या माणसांना हे डोळ्यांनी पाहू दे.

अविनाश

---

प्रेषक: ऋचा

अविनाशकाका, विहिरीबद्दल छान लिहिलंत. माझा प्रश्न जेवणाचा आहे. आमच्या आईबाबांना अंडंही चालत नाही. डबे न्यायचे का तिथे काही मिळेल?

---

प्रेषक: शैला

ऋचा, तिथे उंब्रिकेल्ली नावाचे जाडसर शेवयांसारखे हाताने वळलेले पास्ते मिळतात. मुळात ते मैदा आणि पाण्याचे, तरी अंडं घातलंय का ते विचारून घ्यायचं. टोमॅटो-लसूण घातलेले मागवा. वर किसलेलं पेकोरिनो चीज मात्र नको म्हणून सांगायचं, त्याला प्राण्याचं रेनेट (जनावराच्या पोटातून काढलेलं विरजण) लावतात. पार्मिजानोचंही तेच. ब्रेड अळणी लागेल. त्या भागात तो बिनमिठाचाच करतात, शिळा आहे असं समजून परत करू नका.

---

प्रेषक: समीर (स्वयंपाक समिती)

शैलाताई, जेवणाचा विषय स्वयंपाक समितीकडे आहे, आम्हाला न विचारता इथे ईमेलवर ठरवू नये ही विनंती. आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी देणार आहोत, शिवाय दोन-तीन खानावळींशी बोलणं चालू आहे. चीज खाणाऱ्यांना खाऊ द्या, न खाणाऱ्यांसाठी आम्ही आहोत.

---

प्रेषक: नितीन

जेवणाचं समीर पाहील. पण तारखेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही का? आपला रविवार कोर्पुस दोमिनीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाच्या सणाचा आहे! हा सण सगळ्या कॅथलिक जगाला लागू झाला तोच या गावातून. पोप चौथ्या अर्बनने १२६४ साली ऑर्व्हिएतोतून तो जाहीर केला. आदल्या वर्षी शेजारच्या बोल्सेनात प्रार्थनेच्या वेळी अर्पणाच्या पोळीतून रक्त ठिबकलं अशी श्रद्धा आहे. त्या रक्ताचे डाग पडलेलं कापड दुओमोत ठेवलेलं आहे आणि या दिवशी ते मिरवणुकीने गावभर नेतात. शेकडो माणसं मध्ययुगीन पोशाखात, ढोल, निशाणं. रस्ते माणसांनी भरलेले असणार आणि प्रार्थना चालू असताना दुओमोत आपल्याला फिरता येणार नाही.

---

प्रेषक: अविनाश

मग तर जायलाच हवं.

---

प्रेषक: माधवी (सहल समिती)

अविनाशकाका, थांबा. गर्दीत दोन गुडघेवाल्या आणि तीन लहान मुलं मला सांभाळायची आहेत. कुणी ठाम सांगेल का, रविवारच ठेवायचा की सोमवार?

---

प्रेषक: वसुधा

मी सोमवार म्हणते, आणि ते दुओमोसाठी. १२९० साली पाया घातलेली ही वास्तू लोक समोरून पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. आतलं सान ब्रित्सिओचं चॅपेल बघायला निवांत वेळ हवा. चित्रकार लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ मध्ये तिथे शेवटचा निवाडा, म्हणजे जगाच्या अंती देव सगळ्यांचा न्याय करतो तो प्रसंग, रंगवला. एका भिंतीवर मेलेली माणसं जमिनीतून वर येताहेत: कुणाचं डोकं नुकतंच बाहेर आलंय, कुणी कोपरावर भार देऊन स्वतःला वर ओढतोय, काही अजून नुसते सांगाडेच. समोरच्या भिंतीवरच्या चित्रात एका कोपऱ्यात काळ्या कपड्यांत दोघे उभे आहेत, एक स्वतः सिन्योरेल्ली आणि दुसरा फ्रा आंजेलिको, ज्याने हे काम कित्येक वर्षं आधी सुरू केलं होतं. आपलं काम सुरू करून गेलेल्या माणसाला त्याने आपल्या शेजारी जागा दिली, हे मला फार आवडतं.

ज्यांना आत उभं राहवत नाही त्यांनी बाहेर चौकातल्या दगडी ओट्यावर बसावं. तिसऱ्या प्रहरी ऊन दर्शनी भागावर येतं आणि वरचं मोझेक झळाळतं. खालच्या चार खांबांवरची शिल्पं जवळ जाऊन वाचण्यासारखी आहेत, सुरुवातीच्या शिल्पांतच आदमच्या बरगडीतून हव्वा निघताना दिसते. खांदे झाकतील असे कपडे सगळ्यांनी घाला.

वसुधा

---

प्रेषक: शैला

वसुधाताईंना अनुमोदन. ज्येष्ठांची यादी पूर्ण आहे, सोमवारला कुणाची अडचण नाही. विहीर वैकल्पिक चालेल. अविनाशकाकांबरोबर एक तरुण हवा, नितीन तू जा.

---

प्रेषक: माधवी (सहल समिती)

ठरलं. सोमवार, रेल्वे. बसवाल्याला आज नकार कळवते. रविवारची मिरवणूक बघायची असेल त्यांनी आपापलं जावं, त्यांचं तिकीट मंडळाकडे नाही. विहीर सगळ्यात आधी, कारण ती फ्युनिक्युलरच्या वरच्या स्टेशनलगतच आहे. बाकीच्यांनी तिथे न थांबता छोट्या बसने दुओमोला जायचं. दशम्यांचे डबे समीरकडून तेर्मिनीवर, गाडीच्या अर्धा तास आधी. नितीन, शिक्क्याच्या यंत्रापाशी तू उभा राहा.

माधवी